चाचणीची नोंद

चैतालीचा मोबाईल मी चालू ठेवला आहे. गॅसचं बुकिंग, बँकेचा ओटीपी, लाईटबिलाचा मेसेज, सगळं त्याच नंबरवर येतं. नंबर बदलून घ्यायला हवा होता, घेतला नाही. तो फ्रिजवर चार्जरला लावलेला असतो. वाजत मात्र नाही. तिच्या ओळखीच्या सगळ्यांना कळलेलं आहे.

मार्चमध्ये एका दुपारी तो वाजला. मी भाकरी कुस्करत होतो. हात तसाच घेऊन उठलो.

"जय भीम. चैतालीताईचं घर हाय का?"

"जय भीम. हो."

"मी वैरागवरनं पारूबाई बोलतेय. वधू-वर मंडळाच्या साईटवर तुमच्या पोरीचं स्थळ बघितलं. माज्या भाचीनं दावलं मोबाईलमदी. पोरगी हाय का घरात?"

"आत्ता नाही," मी म्हणालो.

"शाळंत आसंल. क्लार्क हाय न्हवं? तसं लिव्हलंय हितं. तुमी कोन, भाऊ?"

"घरचाच."

"बरं झालं. मग तुमालाच सांगते. माजा धम्मदीप पाण्याच्या मोटारी भरतो, जळल्या की नवी तार गुंडाळून देतो. दुकान हाय सोताचं. पोरगं निर्व्यसनी हाय, फकस्त बोलतंय लई. मागं दोन पोरींनी न्हाय म्हनलं. एक म्हनली, ह्यो गडी श्वास कवा घेतो? आन तुमच्या पोरीनं काय लिव्हलंय? मानूस बोलका हवा, घरात आवाज हवा. मी म्हनलं, हे तर आमच्या धम्मदीपच्या मापाचंच शिवलंय की!"

मी ऐकत राहिलो. बोटांवरचं कालवण वाळलं.

"आनि एक इचारू का? फोटूत तिच्या बाजूला कुनाचा तरी खांदा हाय. निळा शर्ट. तुमचा का?"

"माझाच."

"मग तोंड का कापलं? बघन्यासारखं न्हाय व्हय?"

मी हसलो. पुष्कळ दिवसांनी हसलो, त्यामुळे घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला. पारूबाई म्हणाल्या, "पानी प्या, पानी प्या. मी उद्या करते फोन."

फोन ठेवल्यावर मी आधी कॉम्प्युटर उघडला. जे झालं होतं ते मला लगेच दिसलं.

मी वेबसाईट बनवतो. सोलापुरात भवानी पेठेत वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, पुढच्या खोलीत काम करतो. गिऱ्हाईक म्हणजे युनिफॉर्मची दुकानं, मंगल कार्यालयं, चटणीवाले, क्लासवाले. शिवाय माझं एक पान आहे. साईट बनवताना काही कामं परत परत करावी लागतात. अशा प्रत्येक कामाचा कोडचा छोटा तुकडा करून ठेवला की पुढच्या वेळी तो नुसता लावायचा. असे तुकडे मी त्या पानावर मराठीत समजावून टाकतो. सोलापूर, लातूर, धाराशिवकडची नवीन शिकणारी मुलं ते वापरतात.

त्यातले बरेचसे तुकडे चैतालीच्या तक्रारींमुळे झाले. कुठलीही साईट गिऱ्हाइकाला देण्याआधी मी तिला तिच्या मोबाईलवर बघायला द्यायचो. तिचा मोबाईल जुना, स्क्रीन लहान. त्याच्यावर चाललं तर सगळीकडे चालतं.

एकदा ती एक लांब फॉर्म भरत होती आणि नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते सोडून फॉर्म कोण भरणार? ती पिंप, घागरी, बाटल्या सगळं भरून आली तर फॉर्म कोरा. "अहो, ह्याला सांगा, पाणी आलं होतं म्हणून," ती म्हणाली. मग मी तो तुकडा लिहिला. माणूस जेवढं टाईप करेल तेवढं त्याच्याच मोबाईलमध्ये आपोआप साठत जातं, आणि परत आल्यावर जिथलं तिथं दिसतं. पानावर त्याच्या डोक्यावर लिहिलं आहे, 'तक्रार : चैताली. पाणी आलं होतं.'

एकदा तिने मोबाईल नंबर मराठी आकड्यांत टाकला. साईट म्हणाली नंबर चुकीचा आहे. "माझा नंबर मला माहीत नाही, तुमच्या साईटला माहीत?" त्याचाही तुकडा झाला. मराठी आकडे आले तर आधी ते इंग्रजी आकड्यांत बदलून घ्यायचे, मधल्या मोकळ्या जागा काढायच्या आणि मगच नंबर तपासायचा. चार ओळींचं काम आहे. मला ते आधी सुचलं नव्हतं.

चाचणी करताना सगळे काहीही भरतात. नाव अबक, गाव कखग. मीही तिला तेच सांगायचो. पण तिला ते जमायचं नाही. शाळेच्या ऑफिसात तिने वर्षानुवर्षं प्रवेशाचे फॉर्म तपासले होते. आईबापांनी अंदाजाने टाकलेली जन्मतारीख दहावीला कशी आडवी येते ते तिने पाहिलं होतं. "फॉर्ममध्ये खोटं कसं लिहायचं हो?" म्हणायची. त्यामुळे तिने भरलेला प्रत्येक फॉर्म खरा असायचा. मंगल कार्यालयाच्या साईटवर तिने आमच्या लग्नाची खरी तारीख टाकली होती.

वधू-वर मंडळाची साईट मी गेल्या पावसाळ्यात केली. तीही तिने तपासली. पुढच्या खोलीतल्या पलंगावर बसून नाव, उंची, शिक्षण, नोकरी सगळं खरं भरलं, आमच्या दोघांच्या फोटोतून स्वतःपुरता कापून फोटोही लावला. वैवाहिक स्थितीपाशी थांबली.

"ह्यात विवाहित नाहीच."

"वधू-वर मंडळात विवाहित कशाला असेल?"

"मग मी काय निवडू?"

"काही निवडू नको. पहिला पर्याय आपोआप येतो."

तिने पाहिलं. "अविवाहित? मला कुमारी करून टाकलं की तुम्ही! मग आता दुसरा बघते." आणि अपेक्षांच्या रकान्यात माझ्याकडे बघत बघत टाईप केलं, माणूस बोलका हवा, घरात आवाज हवा. मी कमी बोलतो. घरात बोलायचं काम तिच्याकडे होतं.

ती नोंद मी काढली नाही. मंडळाने मंजूर केल्याशिवाय कुठलीही नोंद लोकांना दिसत नव्हती, म्हणून ती आत पडून राहिली. दिवाळीनंतर चैताली गेली. तापाचं निमित्त झालं. फेब्रुवारीत मी परत कामाला लागलो. मंडळाचं काम बघणाऱ्या दीक्षाताईंचा फोन आला होता, "सर, नोंदी तुंबून राहतात हो. मला रोज बघणं होत नाही. कोणी हरकत घेतली नाही तर आपोआप मंजूर होऊ द्या की." मी तसा तुकडा लिहून लावला. पंधरा दिवसांपेक्षा जुनी असलेली प्रत्येक नोंद मंजूर. कोड सांगितलं तेवढंच करतो. त्याने जुन्या नोंदी पाहिल्या आणि चैतालीचीही मंजूर केली.

यादीत फोटो गोल कापून दिसतो, तिथे ती एकटी होती. फोटोवर दाबलं की पूर्ण उघडतो, तिथे माझा खांदा होता.

नोंद काढायला एक बटण आहे. ते दाबलं की साईट विचारते, 'नक्की काढायची का? ही नोंद परत मिळणार नाही.' ते वाक्य मीच लिहिलेलं आहे. ते वाचलं आणि 'नाही' दाबलं. उद्या फोन आला की बाईंना सांगू आणि मग काढू, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. पारूबाईंनी मला बोलूच दिलं नाही.

"तिला भाकरी येती का?"

"येते. कडक भाकरी मात्र आम्ही विकत आणतो."

"सोलापूरवाले तुमी, आळशीच. राग येतो का तिला?"

"येतो. पण टिकत नाही. भांडी जरा जोरात ठेवते, झालं."

"हां, मग चांगली हाय. आवाज न करता रागवती ती बाई वाईट. आनि काय आवडतं तिला?"

मी सांगितलं. पेरू आवडतात, पण बिया काढून. शाळेतून येताना ती मुद्दाम तलावाकडून येते, दोन मिनिटं थांबून पाणी बघते. झोपेत बोलते. झोपेतसुद्धा कुणाला तरी दाखल्यावर सही आणायला सांगत असते.

बोलताना लक्षात आलं की मी 'येते', 'बघते', 'बोलते' म्हणत होतो. घरी भेटायला येणारे सगळे होती, करायची, म्हणायची असं बोलतात. मीही तसंच शिकलो होतो. वैरागच्या या एका बाईच्या लेखी चैताली शाळेत गेलेली होती आणि संध्याकाळी येणार होती.

म्हणून मी सांगितलं नाही. तिसऱ्या फोनलाही नाही. फोन दुपारी यायचा. मी जेवण त्याआधी उरकून, हात धुऊन, फ्रिजपाशी खुर्ची ओढून बसू लागलो. एकदा त्यांनी विचारलं, "तिच्याशी बोलला का आमच्याबद्दल?" मी म्हणालो, "अजून नाही." हे खोटं नव्हतं.

मग एक दिवस त्यांचा आवाज वेगळा होता. "भाऊ, गोड बातमी हाय. धम्मदीप हो म्हनला. सोताहून. इतकी वर्सं झाली, ह्या पोरानं कदी सोताहून हो म्हनलं न्हवतं. म्हनला, आई, हिच्याशी बोलायला मजा येईल. आता बारशीचे पाव्हने हायेत, त्यांची पोरगी बी चांगली हाय, दोन म्हैने थांबलेत आमच्या उत्तरासाटी. त्यांना आज न्हाय म्हनून कळवते आनि ऐतवारी तुमच्याकडं येतो बघायला."

"नको," मी म्हणालो.

"काय नको?"

"बार्शीला काही कळवू नका. मी आधी तुमच्याकडे येतो. उद्याच येतो."

"व्हय, व्हय. पोरीकडच्यांनी घर बघायलाच पायजे. या की."

त्यांनी फोन ठेवला. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तोंडातून निघालं नाही. चैताली गेल्याचं मी कुणाला स्वतः सांगितलेलंच नव्हतं. फोन सगळे मेहुण्याने केले होते.

सकाळच्या एसटीने वैरागला गेलो. धम्मदीप स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा होता. चाळिशीला आलेला, बोटांना तांब्याच्या तारेचे चरे, इस्त्रीचा शर्ट. गाडी सुरू व्हायच्या आत त्याचं बोलणं सुरू झालं. वैरागचा बाजार, सोलापूरचं ऊन, कुठल्या कंपनीची मोटार लवकर जळते आणि का जळते. घर येईपर्यंत मला फक्त हं म्हणावं लागलं.

घर दोन खोल्यांचं होतं, नुकतं सारवल्यासारखं स्वच्छ. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, त्यांना ताजे हार. टेबलावर नवीन चादर घातली होती, तिच्या घड्या अजून उठून दिसत होत्या. पारूबाई उंचीने लहान निघाल्या. फोनवर मला त्या थोराड वाटल्या होत्या.

"बसा. शिरा करतेय, झालाच. पोरीला शिरा आवडतो का?"

"पारूबाई, जरा बसता का? धम्मदीप, तूही बस."

दोघं बसले. मी बरंच काही ठरवून गेलो होतो. साईट कशी चालते, चाचणी म्हणजे काय, नोंद आपोआप मंजूर कशी झाली. त्यातलं काहीच आधी आलं नाही.

"चैताली माझी बायको," मी म्हणालो. "ती दिवाळीनंतर वारली."

मग मी बाकीचं सांगितलं. चुकत सांगितलं, तरी ते त्यांना कळलं.

पारूबाई उठल्या. "मेलेल्या बाईचं स्थळ लावलं तुमी? आनि मी रोज फोन करतेय, भाकरी येती का, राग येतो का! तुमी सांगताय, येतो म्हनून! थट्टा चालवली व्हय गरिबाची?"

"थट्टा नव्हती."

"मग काय होतं?"

"तुम्ही तिच्याबद्दल विचारत होता," मी म्हणालो. "कोणी विचारत नाही."

त्या वळल्या. आत जाऊन स्टोव्ह बंद केला. बराच वेळ आतच होत्या. धम्मदीप बसून होता. ज्या माणसाने स्टँडपासून तोंड मिटलं नव्हतं तो गप्प झाला होता, आणि त्याची ती शांतता मला बघवत नव्हती.

शेवटी त्याने विचारलं, "ते बोलका हवा म्हणून लिहिलेलं, ते तुम्हाला टोमणा होता का?"

"हो."

"मला वाटलंच होतं, हे कुणीतरी कुणाला तरी म्हणतंय. समोर कुणी नसताना असं लिहीत नाही माणूस." तो नखातली माती काढत राहिला. "चांगलं लिहिलं होतं पण."

"बार्शीला कळवलं का?"

"नाही. तुम्ही नको म्हणालात म्हणून आई थांबली."

पारूबाई तीन ताटल्यांत शिरा घेऊन आल्या. माझ्यापुढची ताटली जरा जोरात ठेवली. "खावा. पाव्हन्यासाटी केलाय, कुत्र्याला घालू का?" मग समोरच पाटावर बसल्या. मी खायला लागलो. त्या उठल्या नाहीत. माझी ताटली रिकामी होईपर्यंत बघत बसल्या.

"पेरूच्या बिया कोन काढायचं?" त्यांनी एकदम विचारलं.

"मी काढायचो."

"हां," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता ते मोबाईलवरनं काडून टाका. उद्या दुसरी कोन माज्यासारखी आस लावून बसंल."

"आजच काढतो."

"आनि तो फोन. मी आता करायची न्हाय. करू तरी काय म्हनून?"

मी मान हलवली. तेही खरंच होतं.

धम्मदीपने मला स्टँडवर सोडलं. एसटी लागली तेव्हा म्हणाला, "बार्शीची मुलगी कमी बोलते म्हणे. तुमच्याकडे कसं चालायचं? एक बोलतो, एक नाही?"

"चालायचं," मी म्हणालो. अजून काहीतरी सांगायला हवं म्हणून म्हणालो, "ऐकून घेणारं माणूसही लागतं घरात. तिला तेवढं चालायचं."

घरी आलो तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरत होती. कॉम्प्युटर उघडला, चैतालीची नोंद उघडली. फोटो मोठा केला. मग बटण दाबलं. नक्की काढायची का, साईटने विचारलं. होय. यादी परत लागली, त्यात ती नव्हती. मी खुर्ची सोडून आत गेलो, तोंड धुतलं, परत आलो.

काम राहिलं होतं. आपोआप मंजुरीच्या तुकड्यात चूक होती, ती दुरुस्त करायची होती. चाचणीच्या प्रत्येक नोंदीला खूण करायची आणि खूण असलेली नोंद कधीही मंजूर होऊ द्यायची नाही. कोड लिहायला वेळ लागला नाही. पण तपासायला एक नोंद भरावी लागणार होती, आणि तपासायची पद्धत आमच्याकडे एकच होती. फ्रिजवरचा मोबाईल काढला. पलंगावर, ती बसायची तिथे बसलो.

नावापाशी बोट थांबलं. अबक टाकता आलं असतं. टाकलं नाही. रत्नदीप असं लिहिलं. उंची, शिक्षण, व्यवसाय, भवानी पेठ. सगळं खरं.

वैवाहिक स्थिती. अविवाहित आपोआप आलेलं होतं. यादी उघडली. ही यादी मी मुद्दाम मोठ्या अक्षरांत केली होती, कारण मोबाईलची नेहमीची यादी तिला बारीक वाटायची. अविवाहित. घटस्फोटित. विधवा. त्याच्या खाली विधुर असायला हवं होतं. दिसत नव्हतं. बोटाने वर सरकवलं, यादी हलली आणि परत जागेवर आली. चौथा पर्याय 'जतन करा' या बटणाच्या मागे गेला होता. त्याची वरची रेघ तेवढी दिसत होती. तिथे दाबलं तर फॉर्म जतन व्हायचा, अविवाहित म्हणून.

माझ्या मोठ्या स्क्रीनवर हे कधी दिसलं नसतं. या मोबाईलवर दिसायला हवं होतं, आणि याच मोबाईलवर तर चैतालीने फॉर्म तपासला होता. तिच्या हातून काही सुटायचं नाही. मग लक्षात आलं, त्या यादीत तिचं काही नव्हतंच. वरवर बघून विवाहित नाही एवढंच ती म्हणाली होती, यादी खालपर्यंत सरकवलीच नव्हती.

उठून कॉम्प्युटरशी गेलो. बटणाची जेवढी उंची तेवढी मोकळी जागा यादीच्या तळाला सोडली. एक ओळ. परत पलंगावर आलो, पान नव्याने उघडलं. भरलेलं सगळं जिथलं तिथं होतं, पाणी आल्याच्या वेळचा तो तुकडा चालत होता. यादी उघडली, सरकवली. विधुर पूर्ण दिसलं. मी ते दाबलं. नाव, उंची, भवानी पेठ, विधुर. जतन करा. नोंद साठली, तिची तारीख महिनाभर मागे नेऊन पाहिली, तरी ती यादीत आली नाही. तसंच व्हायला हवं होतं.

अपेक्षांचा रकाना कोरा ठेवला. तो भरलाच पाहिजे असं बंधन नाही.

मग चाचणीची नोंद काढून टाकली आणि माझ्या पानावर नवीन तुकडा टाकला. लहान स्क्रीनवर यादीतला शेवटचा पर्याय बटणामागे जात असेल तर काय करायचं. वर तक्रारीची ओळ राहिली होती. सवयीने 'चैताली' टाईप झालं होतं. ते खोडलं आणि लिहिलं, 'तक्रार : रत्नदीप. मला माझा पर्याय सापडत नव्हता.'